शर्यतीच्या मोटारीचे चाक : व्यासनिश्चितीचा एक ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

मोटारीच्या इतिहासलेखनात इंजिनाला जे स्थान लाभले, ते चाकाच्या वाट्याला आले नाही. अश्वशक्ती, सिलिंडरांची संख्या, कमाल वेग यांच्या नोंदी कसोशीने ठेवल्या गेल्या. चाकाचा व्यास मात्र कोष्टकाच्या तळाशी एका आकड्यापुरता उरला. वेगवान मोटारीला किती इंची चाक असावे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु विसाव्या शतकातील शर्यतींचा इतिहास या दृष्टीने तपासला असता असे दिसून येते की, या एका आकड्यामागे ब्रेकची जागा, टायर बनवणाऱ्या कारखान्याचे हिशेब आणि क्रीडासंस्थेची नियमावली अशा तीन शक्ती सातत्याने कार्यरत राहिल्या आहेत. आरेखनकाराच्या इच्छेला या तिघींनी सोडलेल्या जागेतच वाव मिळाला. प्रस्तुत लेखात काही निवडक उदाहरणांच्या, विशेषतः १९७६-७७ मधील टायरेल पी-३४ या सहा चाकी मोटारीच्या आधारे, ही प्रक्रिया उलगडण्याचा प्रयत्न केला आहे.

महाराष्ट्रातील बैलगाडीच्या चाकाशी तुलना केल्यास मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तुंबा, आरे आणि पाटे सुताराने घडवायचे आणि वरची लोखंडी धाव लोहाराने तापवून चढवायची, अशी कामाची वाटणी असली तरी धाव त्या विशिष्ट चाकाच्या मापानेच घडे. चाक हातभर लहान-मोठे झाले तरी लोहाराला त्याची अडचण नसे. रबरी टायरने हे नाते मोडले. टायर पोलादी साच्यात शिजवून तयार होतो आणि प्रत्येक मापासाठी स्वतंत्र साचा लागतो. साच्याचा खर्च भरून निघेल इतके ग्राहक त्या मापाला मिळाले पाहिजेत. म्हणजेच चाकाचे माप ही मोटार बनवणाऱ्याची खासगी बाब राहिली नाही.

व्यासाचे गणित

लेखात ‘चाकाचे माप’ हा शब्दप्रयोग रिमच्या, म्हणजे टायर ज्या धातूच्या कड्यावर बसतो त्याच्या, व्यासासाठी केला आहे. टायरसह होणारा बाहेरचा व्यास वेगळा असतो. टायरवरील १९५/६५ आर १५ या नोंदीत टायरची रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि रिमचा व्यास १५ इंच असतो. बाहेरचा व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर येतो. त्याच मोटारीला २२५/४५ आर १७ टायर लावला तरी बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो. रिम दोन इंचांनी मोठी झाली, पण टायरची भिंत त्याच प्रमाणात आखूड झाली. बाहेरचा व्यास कायम ठेवण्यामागे कारण आहे. तो बदलला तर गिअरचे प्रमाण, वेगदर्शकाचा आकडा आणि मोटारीची जमिनीपासूनची उंची हे सारेच बदलते.

रिम मोठी केल्याने दोन लाभ होतात. आत मोठ्या व्यासाची ब्रेकची तबकडी मावते आणि टायरची आखूड भिंत वळणावर कमी लवते, त्यामुळे सुकाणूला प्रतिसाद लवकर मिळतो. तोटेही दोन. धातूचे वस्तुमान केंद्रापासून दूर जाते. पातळ कड्याचे सर्व वस्तुमान परिघावर आहे असे मानले तर लोळणाऱ्या कड्याची गतिज ऊर्जा तेवढ्याच वजनाच्या न फिरणाऱ्या वस्तूच्या दुप्पट असते. परिघाजवळ वाढलेला एक किलो मोटारीला वेग देताना आणि थांबवताना जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो. दुसरे म्हणजे, टायरमधील हवेची उशी पातळ होते आणि रस्त्याचा धक्का थेट रिमपर्यंत पोहोचतो. शहरातील खड्ड्यांतून मोठ्या रिमची मोटार चालवणाऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही.

रिम लहान केल्यास हे सर्व उलट होते. सर्व परिस्थितींत योग्य ठरेल असे एकच माप या गणितातून निघत नाही. ते निघत नसल्यामुळेच गणिताबाहेरच्या घटकांना इतिहासात एवढे महत्त्व प्राप्त झाले.

सुटी रिम आणि ओतीव चाक

हवेच्या टायरचा मोटारशर्यतीत पहिला गाजलेला वापर १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत आंद्रे व एदुआर मिशलँ या बंधूंनी केला. टायर वारंवार फुटले, पण हवेवर चालणारी मोटार एवढा पल्ला गाठू शकते हे सिद्ध झाले. अकरा वर्षांनी, २६ व २७ जून १९०६ रोजी, ल माँ येथे फ्रान्सची पहिली ग्रां प्री झाली. दोन दिवसांत सुमारे १,२३८ किलोमीटर अंतर कापावयाचे होते आणि मोटारीवरील कोणतेही काम चालक व त्याच्या सोबतचा यांत्रिक या दोघांनीच करावे, असा नियम होता. फुटलेला टायर सुऱ्याने कापून काढणे आणि नवा चढवणे हे पंधरा मिनिटांचे कष्टाचे काम असे. मिशलँ कंपनीने टायर आधीच चढवलेली सुटी रिम पुरवली. काही खिळी सैल केल्या की जुनी रिम निघे, नवी बसे आणि काही मिनिटांत मोटार पुन्हा मार्गस्थ होई.

या सुट्या रिमचे वजन मात्र अधिक होते. मोटारीच्या वजनाची कमाल मर्यादा १,००० किलो ठरवलेली असल्याने काही संघांना ती इच्छा असूनही वापरता आली नाही. ती वापरणाऱ्या रेनो मोटारीचा चालक फेरेन्क सिस विजयी झाला. दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या फियाटलाही याच रिम होत्या. आधुनिक ग्रां प्रीच्या पहिल्याच अध्यायात चाकाचा निर्णय टायर कंपनी व वजनाचा नियम यांच्या कात्रीत घेतला गेला, ही गोष्ट मोटारीच्या इतिहासात सहसा इंजिनानंतर, एखाद्या ओळीत उरकली जाते.

१९२४ साली लिआँच्या ग्रां प्रीत एत्तोरे बुगाटी याने ‘टाइप ३५’ मोटारी उतरवल्या. आठ सपाट आऱ्यांचे, ॲल्युमिनियमच्या ओतकामाचे आणि ब्रेकचा ड्रम अंगातच ओतलेले असे त्यांचे चाक होते. चाक काढले की ब्रेकही हाताशी येई. शिवाय ॲल्युमिनियममधून ब्रेकची उष्णता लवकर बाहेर पडे. कल्पना उत्तम होती, पण पहिल्याच शर्यतीत टायरांनी दगा दिला आणि मोटारींना नावाला साजेसे यश मिळाले नाही. पुढे याच प्रतिमानाने असंख्य शर्यती जिंकल्या. चाक आणि ब्रेक यांचा एकत्र विचार करावा लागतो, हे बुगाटीने ओळखले होते. टायर मात्र त्याच्या कारखान्यात तयार होत नव्हते.

चाकाच्या पोटातील ब्रेक

दुसऱ्या महायुद्धानंतर तबकडीचे ब्रेक प्रचारात आले आणि चाकाच्या आतील जागेचा प्रश्न तीव्र झाला. त्याचे बोलके उदाहरण म्हणजे १९५९ ची ब्रिटिश मिनी. ॲलेक इसिगोनिस याने सुमारे तीन मीटर लांबीत चार माणसे बसवण्यासाठी चाके १० इंचांवर आणली. चाकांनी खाल्लेली जागा प्रवाशांना मिळावी हा त्यामागील विचार होता. डनलॉप कंपनीने या मोटारीसाठी ५.२०-१० हे टायर खास तयार केले. मोटार लाखोंच्या संख्येने विकली जाणार असल्यामुळे नव्या साच्याचा खर्च परवडणारा होता. व्यासाची कल्पना येण्यासाठी एवढे सांगणे पुरे की, पुण्याजवळ आकुर्डीत तयार होणाऱ्या बजाज चेतक स्कूटरची चाकेही १० इंचीच होती. ॲम्बेसेडरची १५ इंची आणि मारुती ८०० ची १२ इंची.

ही मोटार मुळात शर्यतीसाठी नव्हती. १९६१ मध्ये जॉन कूपर याच्या आग्रहातून ‘मिनी कूपर’ अवतरली. वेग वाढला तसे ब्रेक वाढवणे भाग पडले, पण १० इंची रिमच्या आत जेमतेम ७ इंची तबकडी मावली. १९६३ च्या ‘कूपर एस’ मध्ये ती साडेसात इंचांपर्यंत ताणण्यात आली. त्यापुढे वाटच नव्हती. तरीही १९६४, १९६५ व १९६७ अशी तीन वर्षे या मोटारीने माँटे कार्लो रॅली जिंकली. (१९६६ साली पहिल्या आलेल्या मिनी मोटारी दिव्यांविषयीच्या नियमावरून बाद ठरवण्यात आल्या, त्या निर्णयाबद्दल इंग्लंडमध्ये पुढे कित्येक वर्षे कडवटपणा होता.) बर्फाळ घाटरस्त्यांवर हलकेपणा व पुढच्या चाकांना मिळणारी शक्ती यांनी ब्रेकची उणीव भरून काढली, असे म्हणता येईल. पुढे १९७४ मध्ये मिनी १२७५ जीटीला १२ इंची चाके देण्यात आली, ती मुख्यतः मोठ्या तबकड्यांसाठी. १९८४ पासून सर्वच मिनी मोटारींना १२ इंची चाके आली.

ब्रेकच चाकाबाहेर काढला तर? १९७० साली कॉलिन चॅपमन व मॉरिस फिलिप यांनी ‘लोटस ७२’ मध्ये नेमके हेच केले. पुढील ब्रेक चाकातून काढून मोटारीच्या अंगात बसवले आणि दांड्यांनी चाकांना जोडले. चाकासोबत वरखाली होणारे वजन कमी झाले आणि पुढील चाके १३ इंचांवर आणता आली. मागची १५ इंचीच राहिली. मोटार अत्यंत वेगवान ठरली. ५ सप्टेंबर १९७० रोजी माँझा येथील सरावात योखेन रिंट याचा अपघाती मृत्यू झाला. पुढील उजव्या ब्रेकचा दांडा तुटल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. नीट न बसवलेल्या कठड्याने अपघात प्राणघातक केला. गुणांची आघाडी अखेरपर्यंत कायम राहिल्याने रिंट मरणोत्तर विश्वविजेता ठरला. चाकाच्या मापाचा निर्णय केवळ सेकंदांच्या हिशेबाचा नसतो, याचे यापेक्षा दारुण उदाहरण शर्यतींच्या इतिहासात सापडणे कठीण आहे.

टायरेल पी-३४

१९७० च्या दशकाच्या मध्यास फॉर्म्युला वनमधील बहुतेक ब्रिटिश संघ कॉसवर्थचे एकच इंजिन आणि ह्यूलँडचा एकच गिअरबॉक्स वापरत होते. शक्तीत फरक नसल्याने प्रतिस्पर्ध्यांवर मात करायची तर ती मोटारीच्या आकारातूनच करणे शक्य होते. केन टायरेल याच्या संघाचा आरेखनकार डेरेक गार्डनर याने पुढच्या चाकांकडे लक्ष वळवले. उघडी चाके हवेला मोठा अडथळा करतात आणि फिरताना मोटारीचा पुढचा भाग उचलू पाहतात. पुढील पंखाची कमाल रुंदी नियमाने दीड मीटर होती. या रुंदीच्या आड लपतील इतकी लहान चाके बसवली तर अडथळा व उचल दोन्ही कमी होतील, असा त्याचा तर्क होता. परंतु लहान टायर जमिनीला पुरेशी पकड देणार नाही. म्हणून दोनांऐवजी चार. अशा रीतीने पुढे १० इंची चार आणि मागे १३ इंची दोन चाके असलेली मोटार सप्टेंबर १९७५ मध्ये लंडनमध्ये पत्रकारांसमोर आली. आच्छादन काढले तेव्हा अनेकांना ही थट्टा वाटली, असे वर्णन वारंवार केले जाते. थट्टेचा भाग सोडून दिला तर हा अत्यंत शिस्तबद्ध विचार होता, हे मान्य करावे लागेल.

या रचनेचे फायदे कागदावर सरस होते. पुढे चार टायर असल्याने वळणावर पकड वाढे. ब्रेकच्या तबकड्या लहान असल्या तरी पुढे दोनांऐवजी चार होत्या. चालकाला बसल्या जागेवरून एवढी लहान चाके दिसेनात, म्हणून कॉकपिटच्या बाजूंना छोट्या खिडक्या बसवाव्या लागल्या. मर्यादाही आरंभापासून होत्या. मागचे रुंद टायर हवेत उघडेच असल्याने एकूण अडथळ्यात अपेक्षेएवढी घट झाली नाही. लहान चाक तेवढ्याच वेगासाठी अधिक फेरे घेते, त्यामुळे टायर तापतो. सहा ब्रेकांचा समतोल राखणे आणि त्या चिमुकल्या तबकड्यांना हवा पोहोचवणे हे यांत्रिकांच्या दृष्टीने जिकिरीचे काम होते.

मे १९७६ मध्ये स्पेनमधील हारामा येथे पात्रिक देपाये याने ही मोटार प्रथम स्पर्धेत उतरवली आणि पात्रता फेरीत तिसरा क्रमांक मिळवला. १३ जून रोजी स्वीडनमधील आंदर्स्तोर्प येथे जोडी शेक्टर पहिला व देपाये दुसरा आला. आघाडीवर असलेल्या मारिओ आंद्रेत्तीच्या लोटसचे इंजिन निकामी झाले होते, हेही नोंदवले पाहिजे. तथापि तो एकच विजय म्हणजे योगायोग, असे म्हणता येणार नाही. वर्षअखेर शेक्टर ४९ गुणांसह तिसरा आणि देपाये ३९ गुणांसह चौथा होता, तर संघ ७१ गुणांसह तिसरा. ज्या मोटारीकडे चेष्टेचा विषय म्हणून पाहिले गेले, तिच्या पहिल्याच हंगामाचा हा ताळेबंद आहे.

पुढील वर्षी चित्र पालटले. शेक्टर संघ सोडून गेला आणि रॉनी पीटरसन आला. संघाचे गुण ७१ वरून २७ वर घसरले. कारणे अनेक होती. मोटारीचे वजन वाढले होते. परंतु मुख्य कारण टायरमध्ये होते. १९७६ मध्ये टायर पुरवण्याच्या क्षेत्रात गुडइयर कंपनीला जवळपास प्रतिस्पर्धी नव्हता. १९७७ मध्ये रेनोच्या मोटारीसह मिशलँ कंपनी आपले रेडियल टायर घेऊन उतरली. गुडइयरने आपली सारी शक्ती बहुसंख्य संघ वापरत असलेल्या मापांच्या टायरांवर केंद्रित केली. १० इंची टायर वापरणारा संघ जगात एकच होता. मागच्या टायरची पकड हंगामागणिक वाढत गेली, पुढच्या चिमुकल्या टायरची तेथेच थबकली आणि मोटारीचा समतोल बिघडला. तो सावरण्यासाठी पुढील चाकांमधील अंतर वाढवण्यात आले. परिणामी चाके पंखाच्या आडून बाहेर डोकावू लागली. ज्या कारणासाठी ती लहान केली होती, ते कारणच उरले नाही.

येथे टायर कंपनीला दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य ठरणार नाही. एका ग्राहकासाठी नवनवी मिश्रणे व रचना तयार करत राहणे तिच्या हिशेबात बसणारे नव्हते. मिनीसाठी डनलॉपने जे केले, ते लाखो मोटारींच्या भरवशावर. गार्डनरने वायुगतिकीचे गणित बरोबर मांडले होते, परंतु त्याच्या समीकरणात साच्याची किंमत नव्हती. १९७७ च्या अखेरीस ही मोटार निवृत्त झाली. गार्डनरच्या जागी आलेला आरेखनकार म्हणजे लोटस ७२ चा मॉरिस फिलिप होय. त्याच्या चार चाकी ‘००८’ मोटारीतून देपाये याने १९७८ ची मोनाको ग्रां प्री जिंकली.

टायरच्या पुरवठ्याचे महत्त्व सिद्ध करणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. मार्च कंपनीच्या रॉबिन हर्ड याने १९७६ च्या अखेरीस सहा चाकी मोटार दाखवली, तीत पुढे दोन आणि मागे चार चाके होती. सहाही चाके नेहमीच्या पुढील मापाची. त्यामुळे खास टायर मागण्याची वेळच येणार नव्हती. विल्यम्स संघानेही १९८२ मध्ये याच धर्तीवर मोटार तयार करून तिची चाचणी घेतली. गार्डनरच्या अनुभवातून घेतलेला धडा यात स्पष्ट दिसतो. १९८३ पासून चारपेक्षा अधिक चाकांवर बंदी आली आणि तो मार्गही बंद झाला. दुसरी गोष्ट अधिक उद्बोधक आहे. अनेक वर्षांनी, जुन्या मोटारींच्या शर्यतींसाठी एव्हॉन कंपनीने १० इंची टायर नव्याने तयार केले. ते लावून पी-३४ पुन्हा धावली आणि तिने शर्यती जिंकल्या.

रस्त्यावरील मोटारी

शर्यतीच्या मैदानाबाहेर नेमका उलटा प्रवाह वाहत होता. पिरेल्लीचा पी-७ हा कमी उंचीच्या भिंतीचा रेडियल टायर १९७० च्या दशकात रॅलीच्या मोटारींकडून रस्त्यावर आला. १९७८ च्या लॅम्बोर्गिनी काउंटाच एलपी ४०० एसच्या मागील चाकांना ३४५/३५ मापाचे टायर होते, पण रिम १५ इंचीच. भिंत आखूड झाली तरी रिम त्या वेळी मोठी झाली नव्हती, ही बाब आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल. पोर्शे ९११ टर्बोला १९७८ मध्ये ३.३ लिटरचे इंजिन मिळाले, तेव्हा तिची चाके १६ इंची होती. ९१७ या शर्यतीच्या मोटारीच्या धर्तीवरील मोठे ब्रेक आत मावणे आवश्यक होते. २००५ च्या बुगाटी वेरॉनमध्ये पुढील ब्रेकची तबकडीच ४०० मिलिमीटरची होती, म्हणजे मिनीच्या संपूर्ण रिमपेक्षा कितीतरी मोठी. पुढे मोठी रिम हा विक्रीचा अलंकार बनला आणि ब्रेकशी असलेला तिचा संबंध पुष्कळदा सुटला, तो भाग वेगळा.

तेरा इंचांपासून अठरा इंचांपर्यंत

१९७० च्या दशकात फॉर्म्युला वनची मागची चाकेही १३ इंचांवर आली आणि पुढे नियमांनी तेच माप बांधून टाकले. टायरसह चाकाचा कमाल व्यास ६६० मिलिमीटर आणि रिम १३ इंची म्हणजे सुमारे ३३० मिलिमीटर. टायरच्या भिंतीला दोन्ही बाजूंस प्रत्येकी १६५ मिलिमीटर उरतात. रिमचा व्यास बांधला की ब्रेकचा व्यासही आपोआप बांधला जातो. कमाल तबकडी २७८ मिलिमीटरची होती. ब्रेक मोठा करण्याची सोय नसल्याने संशोधनाचा ओघ पदार्थाकडे वळला. ब्रॅबहॅम संघाने १९७६ पासून वापरात आणलेली कार्बनची तबकडी १९८० च्या दशकात सर्वत्र रूढ झाली. टायरच्या उंच भिंती स्वतःच स्प्रिंगसारखे काम करीत आणि सस्पेन्शनच्या हालचालीचा मोठा वाटा उचलत. संपूर्ण मोटार त्या फुग्यासारख्या टायरभोवती रचली गेली. परिणामी १३ इंच हे माप गैरसोयीचे असूनही सर्वांच्या सोयीचे झाले; ते बदलायचे तर प्रत्येक संघाला सस्पेन्शन नव्याने आखावे लागले असते.

एकविसाव्या शतकात साध्या कौटुंबिक मोटारीही १५-१६ इंची रिमवर धावू लागल्या, तेव्हा जगातील सर्वांत प्रगत मोटार १३ इंची रिमवर धावते ही विसंगती डोळ्यांत भरू लागली. टायर कंपन्यांना त्यात वैज्ञानिक नव्हे, व्यापारी अडचण होती. १३ इंची शर्यतीच्या टायरवर केलेले संशोधन दुकानात विकता येण्यासारखे नव्हते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या फॉर्म्युला ई या विजेच्या मोटारींच्या मालिकेत मिशलँने १८ इंची टायर पुरवले. त्याच वर्षी जुलैत पिरेल्लीने सिल्व्हरस्टोन येथे लोटस मोटारीवर १८ इंची चाकांची प्रायोगिक चाचणी घेतली. २०१५ मध्ये पुढील कंत्राटासाठी मिशलँने १८ इंचांचा आग्रह धरला. १३ इंच चालू ठेवण्यास तयार असलेल्या पिरेल्लीला कंत्राट मिळाले. जुन्या मापाने स्वतःचे रक्षण केले, असे म्हणता येईल.

त्यानंतर तीनच वर्षांनी आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने पुढील निविदेतच १८ इंचांची अट घातली. सप्टेंबर २०१९ मध्ये पॉल रिकार येथे रेनोच्या मोटारीवर पिरेल्लीच्या चाचण्या सुरू झाल्या. २०२० पासून फॉर्म्युला टू मालिकेत १८ इंची चाके आली. फॉर्म्युला वनमध्ये ती २०२१ साली यावयाची होती. कोविडमुळे हा बदल २०२२ पर्यंत लांबला. नव्या टायरचा बाहेरचा व्यास ७२० मिलिमीटर असल्याने रिम १२७ मिलिमीटरने वाढूनही भिंतीला सुमारे १३१ मिलिमीटर उरले. पुढील तबकडी ३३० मिलिमीटरपर्यंत नेण्याची मुभा मिळाली. रिमही सर्व संघांना एकाच पुरवठादाराकडून घ्याव्या लागल्या. मोटारीचे किमान वजन २०२१ मधील ७५२ किलोंवरून २०२२ मध्ये ७९८ किलो झाले. या वाढीत जड चाकांचा वाटा होता. टायर कमी लवत असल्याने त्याभोवतीच्या हवेचा प्रवाह अधिक निश्चित झाला, पण सस्पेन्शनला आजवर टायर करीत असलेले काम स्वतः करावे लागले. पहिल्या काही शर्यतींत चालक पाठदुखीच्या तक्रारी करू लागले, त्यास जमिनीलगत धावणाऱ्या मोटारींच्या उसळ्या आणि ताठ सस्पेन्शन यांच्याबरोबर या आखूड भिंतीही काही अंशी कारणीभूत होत्या.

२०२६ च्या नियमावलीची आखणी होत असताना मोटारी हलक्या करण्याच्या उद्देशाने १६ इंची रिमचा पर्यायही चर्चेत होता. रस्त्यावरील मोटारींच्या बाजारपेठेशी जुळणारे १८ इंचच कायम राहिले. घट झाली ती टायरच्या रुंदीत, पुढे २५ आणि मागे ३० मिलिमीटरची.